आशियाच्या सुरक्षा राजकारणातल्या संकल्पनांची व्याख्या कशी करायची

परीक्षेसाठी असो, प्रबंधासाठी असो की नुसत्या बातम्या नीट कळाव्यात म्हणून असो, आशियाच्या सुरक्षेवर काहीही वाचायला घेतलं की पहिल्या दोन पानांतच सामूहिक सुरक्षा, सहकारी सुरक्षा, हेजिंग, ग्रे झोन, इंडो-पॅसिफिक, आसियान सेंट्रॅलिटी असले शब्द एकदम अंगावर येतात आणि मग बहुतेक जण काय करतात तर नोट्समधली एकेक ओळीची व्याख्या पाठ करून टाकतात. ती ओळ चुकीचीच असते असं नाही, पण ती कुठल्याही खऱ्या घटनेला लावून बघितलेली नसते, त्यामुळे प्रश्न जरा फिरवून आला, समजा विचारलं की क्वाड, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचा गट, ही सामूहिक संरक्षणाची व्यवस्था आहे का, की पेन थांबतं. म्हणून इथे तयार व्याख्यांची यादी देत नाहीये, व्याख्या स्वतः कशी बांधायची आणि ती टिकते का हे कसं तपासायचं ते सांगतोय.

प्रत्येक संकल्पनेला काही ठरावीक प्रश्न विचारायचे. सुरक्षा कुणाची? धोका कशाचा, आणि तो बाहेरून येतोय की गटाच्या आतूनच? कोण कुणाला काय कबूल करतंय, म्हणजे वेळ आली तर लढायला येणार की फक्त बोलायला बसणार? तिच्यासारखीच दिसणारी दुसरी संकल्पना कुठली आणि दोघींत फरक नेमका कुठे? आशियातली कुठली घटना तिला चपखल बसते आणि कुठली अजिबात बसत नाही? आणि एक प्रश्न जो जवळजवळ सगळेच विसरतात, हा शब्द कोण वापरतं आणि कोण मुद्दाम टाळतं? सगळे प्रश्न सगळीकडे सारखेच कामाला येतात असं नाही, कुठे पहिल्याच प्रश्नात सगळं उलगडतं, कुठे शेवटच्याच प्रश्नात खरी गंमत असते.

सामूहिक सुरक्षा, सामूहिक संरक्षण, सहकारी सुरक्षा

सुरुवात या तिघींपासून करा कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिन्हींत बरेच देश एकत्र येतात, त्यामुळे "अनेक देशांनी मिळून सुरक्षा राखणे" अशी व्याख्या केली की ती तिन्हींना लागू पडते, म्हणजेच ती कुणाचीच व्याख्या नाही. फरक पडतो तो धोका कुठून येतो आणि वचन काय दिलंय या दोन प्रश्नांवर.

सामूहिक सुरक्षेत शत्रूचं नाव आधी ठरलेलं नसतं. सगळे सदस्य मिळून म्हणतात की आपल्यातल्याच कुणीही दुसऱ्यावर हल्ला केला तर बाकीचे सगळे त्याच्याविरुद्ध उभे राहतील. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा सातवा भाग म्हणजे हीच कल्पना. आशियातलं मोठं उदाहरण १९५० चं कोरियाचं, उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला आणि सुरक्षा परिषदेने मदतीचा ठराव केला, पण तो होऊ शकला कारण सोव्हिएत युनियन त्या वेळी चीनच्या जागेच्या वादावरून परिषदेवर बहिष्कार टाकून बसलं होतं. म्हणजे उदाहरणातच संकल्पनेची मर्यादा दिसते, मोठ्या सत्तेकडे व्हेटो असेल तर ही व्यवस्था तिच्याविरुद्ध चालत नाही. व्याख्या लिहिताना ही मर्यादा त्याच वाक्यात आणा, पुढच्या परिच्छेदात ढकलू नका.

सामूहिक संरक्षणात शत्रू गटाच्या बाहेर असतो आणि वचन लढण्याचं असतं. युरोपात नाटो आहे म्हणून आशियातही तसंच काहीतरी असणार असं लोक गृहीत धरतात, पण १९५४ मध्ये मनिलात तसा करार करून सीटो, म्हणजे आग्नेय आशिया करार संघटना, काढली होती, आठ सदस्य होते आणि त्यातले आग्नेय आशियातले फक्त दोन, फिलिपिन्स आणि थायलंड, बाकी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पाकिस्तान. अमेरिकेने आपलं वचन कम्युनिस्ट आक्रमणापुरतंच आहे असं करारातच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानला तिचा काही उपयोग झाला नाही, आणि १९७७ मध्ये ती गुंडाळली गेली. आशियात टिकलं ते वेगळंच, अमेरिका मधोमध आणि तिचे एकेका देशाशी स्वतंत्र करार, फिलिपिन्सशी १९५१, दक्षिण कोरियाशी १९५३, जपानशी १९५१ चा आणि नंतर १९६० चा सुधारलेला. यालाच हब अँड स्पोक्स म्हणतात, चाकाचा तुंबा आणि आरे, आणि आऱ्यांचा एकमेकांशी करार नसतो हा त्याच्या व्याख्येतला कळीचा भाग. जपानवर हल्ला झाला तर दक्षिण कोरिया करारानुसार लढायला बांधील नाही, हे एक वाक्य लिहिलंत की तुम्हाला नाटो आणि आशिया यातला फरक कळलाय हे वाचणाऱ्याला लगेच समजतं.

करार वाचताना क्रियापदाकडे लक्ष ठेवा. अमेरिका-फिलिपिन्स करारात हल्ला झाला तर आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार पावलं उचलू असं आहे, आपोआप युद्धात उतरू असं नाही. सप्टेंबर २०२५ च्या सौदी-पाकिस्तान करारात एकावरचं आक्रमण ते दोघांवरचं आक्रमण मानलं जाईल अशी भाषा आहे. चीन आणि उत्तर कोरियात १९६१ पासून परस्पर मदतीचा करार आहे. क्वाडमध्ये मात्र असा कुठलाच करार नाही, हल्ल्याच्या वेळी धावून येण्याचं वचन नाही, तेव्हा ती सामूहिक संरक्षणात बसत नाही, कितीही जण तिला आशियाई नाटो म्हणोत.

सहकारी सुरक्षा ही तिसरी. इथे शत्रूला पण टेबलावर बसवलेलं असतं आणि वचन फक्त बोलत राहण्याचं असतं. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची रीजनल फोरम, १९९४ पासून चालू, त्यात अमेरिका आहे, चीन आहे, रशिया आहे, भारत १९९६ पासून, उत्तर कोरिया २००० पासून, पाकिस्तान २००४ पासून. १९९५ मध्ये तिच्यासाठी तीन टप्पे ठरले होते, आधी विश्वास वाढवायचा, मग प्रतिबंधक मुत्सद्देगिरी, मग संघर्ष सोडवण्याच्या वाटा शोधायच्या, आणि फोरम अजून मुख्यतः पहिल्याच टप्प्यात आहे. यावरून तिला गप्पांचा अड्डा म्हणून उडवून लावणं सोपं आहे पण मला ते पटत नाही, कारण जी गोष्ट लढण्यासाठी काढलीच नव्हती तिला ती लढत नाही म्हणून नापास करता येत नाही. तिला मोजायचं तर तिच्याच वचनावर मोजा, म्हणजे बोलणं चालू राहिलं का.

यांच्याच नात्यातली सर्वंकष सुरक्षा, म्हणजे सैन्याच्या पलीकडे तेल, अन्न, व्यापार हे सगळं धरून केलेला विचार. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या जपानने १९८० मध्ये हा अधिकृतपणे मांडला. व्याख्येत एवढं पुरे.

सिक्युरिटी डायलेमा, म्हणजे सुरक्षेची कोंडी

ही संकल्पना लोक फार सैल वापरतात, दोन देश शस्त्रं वाढवतायत की लगेच डायलेमा. जॉन हर्ट्झ यांनी १९५० मध्ये हा शब्द आणला तेव्हा त्यात एक अट होती, की दोघांचाही हेतू बचावाचा असू शकतो आणि तरीही एकाची तयारी दुसऱ्याला धोका वाटते, मग तो तयारी करतो, मग पहिल्याला अजून असुरक्षित वाटतं. हेतू बाहेरून दिसत नाही हेच तिचं मूळ. एखाद्या देशाला खरोखरच दुसऱ्याची जमीन हवी असेल तर तिथे डायलेमा नाही, तिथे सरळ आक्रमक हेतू आहे. व्याख्येतून ही अट गळली की संकल्पनाच गेली.

लडाख यावर घासून बघण्यासारखं आहे. चीनने १९५० च्या दशकात अक्साई चीनमधून रस्ता काढला. भारताने फार उशिरा आपल्या बाजूला रस्ते करायला घेतले, त्यातला दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा सुमारे २५५ किलोमीटरचा रस्ता. दिल्लीच्या नजरेतून हा आपल्याच चौकीपर्यंत रसद वर्षभर पोचावी यासाठीचा रस्ता, बीजिंगच्या नजरेतून ताबारेषेजवळ भारतीय सैन्य लवकर आणता येईल असा रस्ता. रस्ता एकच. जून २०२० मध्ये गलवानमध्ये भारताचे २० जवान गेले, चीनने पुढच्या वर्षी आपले ४ गेल्याचं मान्य केलं. आता इथे परीक्षकाला काय हवं असतं तर तुम्ही फक्त "हा डायलेमा आहे" म्हणून सोडू नका, प्रश्न विचारा की हे सगळं रस्त्यांच्या भीतीतून झालं की मुळातच ताबारेषा आपल्या बाजूने सरकवण्याच्या इच्छेतून. माझं मत, रस्त्यांचा भाग डायलेमात बसतो पण २०२० मध्ये एवढं मोठं सैन्य पुढे आणून गस्त अडवणं फक्त भीतीने समजावता येत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण दोन्हींमधली रेघ दाखवली पाहिजे.

दक्षिण कोरियाचं थाड प्रकरण पण इथेच वापरता येतं. २०१६ मध्ये उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं पाडण्यासाठी अमेरिकी थाड यंत्रणा बसवायचं ठरलं, चीन म्हणाला तिचं रडार आमच्या हद्दीत डोकावतं, आणि दक्षिण कोरियाला चीनकडून बराच आर्थिक त्रास झाला. बचावाचं शस्त्र, पण तिसऱ्याच देशाला धोका, म्हणजे डायलेमा नेहमी दोघांतच असतो असं नाही.

या कोंडीतून सुटायचा एक मार्ग म्हणजे विश्वासनिर्मितीचे उपाय, सगळे सीबीएम म्हणतात. इथे व्याख्या करताना एक काळजी घ्या, सीबीएम शस्त्रं कमी करत नाही, ते फक्त दुसरा काय करतोय याबद्दलची अनिश्चितता कमी करतात. भारत-पाकिस्तानचा ३१ डिसेंबर १९८८ चा करार, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा, त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोघे आपल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या आणि संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्यं समोरासमोर असतानाही दिल्या. मला या संपूर्ण विषयातली ही सगळ्यात आशादायक गोष्ट वाटते आणि ती कुणी फारशी सांगत नाही. उलट बाजूला भारत-चीनचे १९९३ आणि १९९६ चे करार, ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार नाही असं त्यात आहे, गलवानमध्ये गोळी चालली नाही पण माणसं गेली. कारण ताबारेषा नेमकी कुठून जाते यावरच एकमत नाही, नकाशांची देवाणघेवाण फक्त मधल्या सेक्टरपुरती झाली. सीबीएम कशावर उभा आहे ते आधी ठरलेलं नसेल तर तो किती पेलेल याला मर्यादा येते, हे व्याख्येत घ्या.

सिक्युरिटी कम्युनिटी आणि आसियान

कार्ल डॉइच यांनी १९५७ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की काही देशांच्या गटात एकमेकांतला वाद युद्धाने सुटेल ही शक्यताच कुणाच्या डोक्यात उरत नाही, तेव्हा तो गट सुरक्षा समुदाय झाला. म्हणजे नुसतं युद्ध न होणं पुरत नाही, युद्धाची तयारी आणि अपेक्षा पण नसावी लागते. आसियानला हे लावून बघणं हा फार चांगला सराव आहे.

बाजूने काय आहे? १९६३ ते १९६६ इंडोनेशिया आणि मलेशिया अक्षरशः सशस्त्र झटापटी करत होते, ८ ऑगस्ट १९६७ ला तेच दोघे थायलंड, सिंगापूर, फिलिपिन्ससोबत बँकॉकमध्ये एका घोषणापत्रावर सह्या करतात आणि तेव्हापासून हे मूळ पाच एकमेकांशी युद्ध करत नाहीत. लिगितान-सिपादान बेटांचा वाद इंडोनेशिया आणि मलेशियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, २००२ मध्ये निकाल मलेशियाच्या बाजूने गेला, इंडोनेशियाने मान्य केला. मलेशिया आणि सिंगापूरमधला पेद्रा ब्रांकाचा वाद तसाच, २००८ मध्ये सिंगापूरच्या बाजूने. विरुद्ध बाजूने काय आहे? थायलंड आणि कंबोडिया. सीमेवरचं प्रीह विहार मंदिर १९६२ मध्येच न्यायालयाने कंबोडियाला दिलं, तरी २००८ ते २०११ चकमकी झाल्या आणि जुलै २०२५ मध्ये तर पाच दिवस तोफा, रॉकेट आणि लढाऊ विमानं चालली, लाखो लोकांना घरं सोडावी लागली, २८ जुलैला मलेशियाने मध्यस्थी करून शस्त्रसंधी घडवली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा भडका उडाला. डॉइच यांची कसोटी कडकपणे लावली तर आसियान संपूर्णपणे सुरक्षा समुदाय नाही. पण तिच्या आतला एक गाभा बराचसा तसा आहे, आणि असं लिहिणं हे सरसकट हो किंवा नाही लिहिण्यापेक्षा जास्त खरं आहे.

याच्याच जोडीला आसियान वे. कुणाच्याही अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही, बळाचा वापर नाही, निर्णय मतदानाने नाही तर सहमतीने. १९७६ च्या मैत्री आणि सहकार्य कराराने याला कागदावर आणलं. सहमतीची किंमत काय ते जुलै २०१२ मध्ये नॉम पेन्हला दिसलं, दक्षिण चीन समुद्राचा उल्लेख करायचा की नाही यावरून परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदनच निघालं नाही, ४५ वर्षांत पहिल्यांदा. ढवळाढवळ न करण्याचा नियम कुठवर ताणतो ते म्यानमारमध्ये दिसलं, फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर एप्रिलमध्ये पाच मुद्द्यांची सहमती झाली, ती पाळली गेली नाही म्हणून ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांना बोलावलं नाही. त्यामुळे आसियान वे ची व्याख्या "अजिबात हस्तक्षेप नाही" अशी लिहू नका. नियम तोच आहे पण कडेने वाकलाय.

आसियान सेंट्रॅलिटी म्हणजे आसियान ताकदवान आहे असं नव्हे. रीजनल फोरम, २००५ पासूनची ईस्ट एशिया समिट, आसियान आणि बाहेरच्या देशांच्या संरक्षणमंत्र्यांची प्लस बैठक, या सगळ्यांची यजमान आणि अजेंडा ठरवणारी आसियान आहे, आणि ती आहे कारण तिच्या यजमानपदाला मोठ्या सत्तांपैकी कुणाचीच हरकत नसते.

दक्षिण आशियात असं का झालं नाही हा प्रश्न येतोच. १९८५ च्या सार्कच्या सनदेतच लिहिलंय की द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेला घ्यायचे नाहीत, म्हणजे ज्यावर बोलायची सगळ्यात जास्त गरज होती तेच बाहेर. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद झालेली नाही.

प्रादेशिक सुरक्षा संकुल

बॅरी बुझान यांची कल्पना, धोके लांबून येण्यापेक्षा जवळून जास्त सहज येतात, त्यामुळे काही देशांची सुरक्षा एकमेकांत इतकी गुंतलेली असते की एकाचा विचार दुसऱ्याशिवाय करता येत नाही. दक्षिण आशियात हे संकुल भारत-पाकिस्तानभोवती फिरतं. यात अजून एक उपयोगी कल्पना आहे, इन्सुलेटर, म्हणजे दोन संकुलांच्या मध्ये असलेला आणि दोन्हींच्या घडामोडी एकमेकांपासून वेगळ्या ठेवणारा देश, अफगाणिस्तान आणि म्यानमार ही नेहमीची उदाहरणं. पण चीनचं काय करायचं? २०१५ पासून चीन-पाकिस्तान आर्थिक कॉरिडॉर आहे, भारताची ताबारेषा आहे, हिंदी महासागरात चीनच्या नौदलाचा वावर आहे, मग दक्षिण आशिया आणि पूर्व आशिया ही अजूनही दोन वेगळी संकुलं मानायची का? इथे व्याख्या लिहिताना संकुलाची सीमा ही नकाशावरची रेघ नसून कोण कुणाला घाबरतं याची रेघ आहे एवढं सांगा, मग ती सरकू शकते हे आपोआप येतं.

हेजिंग

बॅलन्सिंग म्हणजे धोक्याविरुद्ध ताकद जमवणं, बँडवॅगनिंग म्हणजे ताकदवानाच्याच बाजूला जाऊन उभं राहणं. हेजिंग या दोघांच्या मध्ये, पण "मधलं काहीतरी" ही व्याख्या नव्हे. पुढे काय होणार हे माहीत नाही म्हणून एकाच वेळी एकमेकांशी न जुळणारी पावलं ठरवून उचलणं, आणि कुठलाही रस्ता पूर्ण बंद न करणं, हे हेजिंग. व्हिएतनाम बघा. चीनशी १९७९ मध्ये युद्ध झालंय, समुद्रात वाद चालू आहे, आणि २०१९ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेत चार नकार आहेत, लष्करी युती नाही, एका देशाविरुद्ध दुसऱ्याची बाजू घेणं नाही, परक्यांना तळ नाही, बळाचा वापर किंवा धमकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन हनोईला आले आणि अमेरिकेशी संबंध सगळ्यात वरच्या पातळीवर नेले, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग तिथेच पाहुणे. फिलिपिन्स उलट, राष्ट्राध्यक्ष मार्कोस ज्युनियर यांनी २०२३ मध्ये अमेरिकेला अजून चार ठिकाणं वापरायला दिली, एकूण नऊ झाली, ते आता हेजिंगपेक्षा बॅलन्सिंगच्या जास्त जवळ आहे.

भारत क्वाडमध्ये पण आहे आणि चीन-रशिया असलेल्या शांघाय सहकार्य संघटनेत पण, रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा पण घेतो. अभ्यासक याला हेजिंग म्हणतात, दिल्ली याला धोरणात्मक स्वायत्तता म्हणते. हेजिंग हा बाहेरून लावलेला शब्द आहे, सरकारं सहसा स्वतःला तो लावत नाहीत, स्वायत्तता हा सरकारचा स्वतःचा शब्द आहे आणि त्यात अलिप्ततेच्या काळापासूनचा एक आग्रह आहे. उत्तरात दोन्ही सरमिसळ करू नका.

कोण कुठला शब्द वापरतं

इंडो-पॅसिफिक हा यातला उघड नमुना. ऑगस्ट २००७ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे भारतीय संसदेत दोन महासागरांच्या संगमावर बोलले, मे २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या पॅसिफिक कमांडचं नाव बदलून इंडो-पॅसिफिक कमांड केलं, २०१९ मध्ये आसियानने स्वतःचा दृष्टिकोन मांडला. चीन अजूनही आशिया-पॅसिफिकच म्हणतो. आणि वापरणाऱ्यांतही नकाशा एक नाही, अमेरिकी कमांडचं क्षेत्र भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, तर मोदींनी जून २०१८ मध्ये सिंगापूरला सांगितलेला इंडो-पॅसिफिक आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत. तेव्हा व्याख्येत "कुणाच्या मते" हे शब्द आलेच पाहिजेत.

एक चीन तत्त्व आणि एक चीन धोरण हे पण असंच, तत्त्व बीजिंगचं, तैवान चीनचा भाग आहे असं ठामपणे म्हणणारं, धोरण अमेरिकेचं, ज्यात बीजिंगची ही भूमिका आम्हाला ठाऊक आहे एवढंच म्हटलंय, ती मान्य केल्याचं म्हटलेलं नाही. अमेरिकेच्या १९७९ च्या तैवान कायद्यात बचावाची शस्त्रं देण्याची तरतूद आहे पण लढायला येण्याचं वचन नाही, यालाच धोरणात्मक संदिग्धता म्हणतात.

समुद्राचे शब्द

इथे आकडे पाठच हवेत. १९८२ च्या समुद्र कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, तिथे देशाचं सार्वभौमत्व. २०० सागरी मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र, तिथे मासे, तेल, खनिजं यावर हक्क, सार्वभौमत्व नाही. १२ जुलै २०१६ चा फिलिपिन्स विरुद्ध चीन निकाल सांगताना बेटं फिलिपिन्सला मिळाली असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे, लवादाने मालकीवर काही म्हटलंच नाही, नाइन-डॅश लाइन, म्हणजे चीनने दक्षिण चीन समुद्रावरचा दावा दाखवायला नकाशावर काढलेली रेघ, तिच्या आतल्या साधनसंपत्तीवर चीन सांगतो त्या ऐतिहासिक हक्कांना कायदेशीर आधार नाही असं म्हटलं.

जलवाहतुकीचं स्वातंत्र्य हा शब्द सगळ्यांच्या भाषणात असतो, पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी युद्धनौका लक्षद्वीपजवळ भारताच्या आर्थिक क्षेत्रातून परवानगी न घेता गेली आणि अमेरिकेने ते जाहीरही केलं, तेव्हा भारताने आक्षेप कळवला. आर्थिक क्षेत्रात परक्यांच्या लष्करी हालचालींवर किनारी देशाला किती बोलता येतं या मुद्द्यावर भारताची भूमिका अमेरिकेपेक्षा चीनच्या जास्त जवळ जाते, आणि अमेरिकेने तर तो १९८२ चा करार अजून स्वीकारलेलाही नाही. म्हणून हा शब्द व्याख्येत आला की व्यापारी जहाजांचं स्वातंत्र्य की युद्धनौकांचं, ते लगेच स्पष्ट करा.

अणुशस्त्रं आणि बाकीचे थोडक्यात

डिटरन्स, म्हणजे शत्रूने हल्ला करूच नये म्हणून त्याला आधीच परावृत्त करणं, याच्या व्याख्येत दोन प्रकार वेगळे ठेवा, तू केलंस तर तुला मोठी शिक्षा देऊ हा एक, तू केलंस तरी तुला जमूच देणार नाही हा दुसरा. भारताच्या जानेवारी २००३ च्या सिद्धांतात पहिला वापर नाही आणि झाल्यास प्रचंड प्रत्युत्तर, म्हणजे पहिला प्रकार. दुसऱ्या देशासाठी दिलेली हमी म्हणजे विस्तारित डिटरन्स, अणुछत्री, दक्षिण कोरियाला तिच्याबद्दल वाटणाऱ्या काळजीतूनच एप्रिल २०२३ चं वॉशिंग्टन घोषणापत्र आलं. आणि दोघांकडे अणुबॉम्ब असले की मोठं युद्ध टळतं पण छोट्या संघर्षाला जागा मिळते, हा विरोधाभास १९९८ च्या चाचण्यांनंतर वर्षभरातच कारगिलने दाखवला.

मानवी सुरक्षेत पहिलाच प्रश्न निर्णायक आहे, सुरक्षा कुणाची? राज्याची नाही, माणसाची. महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाने १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून ती पुढे आणली. २०१७ मध्ये म्यानमारच्या सैन्याने राज्याच्या सुरक्षेच्या नावाने जे केलं त्यात सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना बांगलादेशात पळावं लागलं, राज्याची सुरक्षा आणि माणसाची सुरक्षा एकमेकांच्या विरुद्ध उभी राहू शकते हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? अपारंपरिक सुरक्षा मात्र वेगळी, तिथे धोका सैन्याचा नसतो, रोगराई, धूर, पाणी, चाचेगिरी असा असतो, पण वाचवायचं राज्यही असू शकतं. आणि सगळ्यालाच सुरक्षेचा प्रश्न म्हणू नका, तसं म्हटलं की तो प्रश्न सैन्याकडे आणि गुप्ततेकडे सरकतो.

शेवटी लिहून काढणं

व्याख्या तीन-चार वाक्यांचीच ठेवा. पहिल्या वाक्यात कोण, कशापासून, कसं. दुसऱ्यात जवळच्या संकल्पनेपासून फरक. मग एक घटना तारखेसह आणि जमलं तर संकल्पना कुठे अपुरी पडते ते. ग्रे झोनसाठी मी असं लिहीन:

ग्रे झोन म्हणजे युद्धाच्या उंबरठ्याच्या खाली राहून, तटरक्षक दल, मच्छीमार बोटी, वॉटर कॅनन अशा साधनांनी प्रत्यक्षातली स्थिती हळूहळू आपल्या बाजूने बदलत नेणं. यात हेतू स्थिती बदलण्याचा असतो म्हणून ती सुरक्षेची कोंडी नाही, आणि सशस्त्र हल्ला म्हणता येईल इतकं काही केलं जात नाही म्हणून संरक्षण करार लागू होतो की नाही हेच संदिग्ध राहतं. दक्षिण चीन समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ खडकाळ जागेवर फिलिपिन्सने १९९९ मध्ये मुद्दाम रुतवलेल्या सिएरा माद्रे जहाजाला रसद नेणाऱ्या बोटी चीन अडवतो, १७ जून २०२४ च्या झटापटीत फिलिपिन्सच्या एका नौसैनिकाचा अंगठा तुटला, तरी १९५१ चा अमेरिका-फिलिपिन्स करार लागू करण्यापर्यंत गोष्ट गेली नाही. त्याआधी मे २०२४ मध्येच मार्कोस ज्युनियर यांनी सिंगापूरमध्ये सांगितलं होतं की हेतुपुरस्सर कृत्यात आमचा नागरिक मारला गेला तर ते आम्ही युद्धकृत्याच्या अगदी जवळ मानू, म्हणजे उंबरठा कायद्यात नेमका लिहिलेला नसतो, तो देश बोलून दाखवतात.

असं लिहून झालं की नावं, सदस्यसंख्या आणि तारखा पुन्हा एकदा तपासा, कारण व्याख्या लवकर जुनी होत नाही पण तिच्यातलं उदाहरण होतं, बेलारूस २०२४ मध्ये आल्यावर शांघाय संघटनेचे सदस्य दहा झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर आल्यावर आसियानचे अकरा, जुन्या नोट्समध्ये अजून आठ आणि दहाच आहेत.